जुन्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरपासून स्पॉट वेल्डर

मायक्रोवेव्ह बंद पडला तरी त्यातला ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा धडधाकट असतो. त्यापासून पातळ पत्रे जोडणारा स्पॉट वेल्डर बनतो. रॉडने जाड लोखंड वेल्ड करायचं असेल, तर हा उद्योग तुमच्या कामाचा नाही. इथे तांब्याच्या दोन टोकांमध्ये पत्रे दाबून मोठा करंट सोडायचा, जोडावरचं लोखंड वितळतं आणि टाका बसतो. एलिहू थॉमसनने १८८६ मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट घेतलं, तीच ही.

आधी ओव्हन उचलून बघा. इन्व्हर्टरवाला (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा) हलका लागतो, त्यात हा जड ट्रान्सफॉर्मर नसतोच.

विजेच्या कामाचा हात बसलेला नसेल, तर पुढचं एकट्याने करू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) दोन हजार व्होल्टच्या आसपास चार्ज उरलेला असू शकतो. तो उतरवायला आत रेझिस्टर असतो खरा, पण तोच जळालेला असेल तर? किमान दहा मिनिटं थांबा. मग प्लास्टिकच्या मुठीच्या लांब स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटरची दोन्ही टोकं एकमेकांना आणि नंतर एकेक करून बॉडीला टेकवा. दुसरा हात खिशात. मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग) तसाच बाजूला ठेवा, फोडू नका. काहींच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

ट्रान्सफॉर्मरवर जाड तारेचं वाइंडिंग (तारेचे वेढे) असतं ती मेन्सची वीज घेणारी प्रायमरी, आणि केसासारख्या बारीक तारेचं ती सेकंडरी. मूळ सेकंडरी जागेवर असताना याला वीज कधीही देऊ नका, अगदी ‘चालतो का बघू’ म्हणूनसुद्धा. तिच्यातल्या दोन हजार व्होल्टचा झटका जीव घेतो आणि घरातला आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) ट्रिपही होत नाही, कारण तो प्रवाह सेकंडरीतच फिरतो, मेन्सच्या तारांमध्ये फरक पडतच नाही.

आता खरं कष्टाचं काम. ट्रान्सफॉर्मर व्हाइसमध्ये धरा, सेकंडरीचा बाहेर आलेला भाग एका बाजूने हॅक्सॉने कोअरलगत (लोखंडी गाभ्यालगत) कापा आणि उरलेलं वाइंडिंग पंच व हातोडीने दुसऱ्या बाजूला ठोकून काढा. पहिल्या वेळी माझा हॅक्सॉ घसरला आणि प्रायमरीच्या तारेवरचं इनॅमलचं आवरण खरवडलं गेलं. दिसायला एवढासा ओरखडा, पण वेढे शॉर्ट झाले आणि वीज देताच अर्ध्या मिनिटात धूर. तेव्हापासून प्रायमरीवर प्लायचा तुकडा ठेवल्याशिवाय मी हॅक्सॉ उचलत नाही. दोन वाइंडिंगच्या मध्ये पोलादी पट्ट्यांचे छोटे गठ्ठे असतात, तेही ठोकून काढा. ते करंटला लगाम घालतात आणि आपल्याला लगाम नको आहे.

कोअरच्या रिकाम्या झालेल्या खिडकीतून ५० ते ७० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक केबलचे दोन वेढे घ्या. मावत नसेल तर वरचं आवरण सोलून काचेच्या धाग्याची टेप गुंडाळा. एका वेढ्याला साधारण एक व्होल्ट मिळतो, म्हणजे मल्टिमीटरवर दोनच्या आसपास दिसेल. व्होल्टेज इतकं कमी असल्याने केबलची प्रत्येक जास्तीची वीत करंट खाते. ती आखूड ठेवा आणि टोकांना लग (बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोपणं) घट्ट दाबून क्रिम्प करा. सोल्डर नको, तो वितळतो.

इलेक्ट्रोडला ८ ते १० मिलिमीटरची तांब्याची कांडी घ्या आणि टोक घासून चार मिलिमीटरचं करा. खालचा दांडा पक्का, वरचा बिजागरीवर, दोन्ही लाकडाचे.

स्विच प्रायमरीच्या बाजूलाच लावा, आणि सोडताच बंद होणारा. मायक्रोवेव्हच्या दारातला मायक्रोस्विच चालतो. त्यावर १५ किंवा १६ अँपिअर छापलेलं आहे ना, बघून घ्या. मेन्सच्या बाजूला १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) हवा. कोअरवरचा रंग खरवडून अर्थिंगची तार घट्ट बोल्ट करा. प्रायमरीची टोकं बंद डब्यात हवीत. जुना पंखाही वाया घालवू नका, कोअरवर वारा सोडायला कामी येतो.

चाचणीला अर्ध्या मिलिमीटरचे साध्या लोखंडी पत्र्याचे दोन तुकडे पॉलिश पेपरने घासून घ्या. अंगठी, घड्याळ काढा, चष्मा आणि चामड्याचे हातमोजे घाला. पेसमेकर असलेल्या माणसाला जवळ येऊ देऊ नका. आधी दाबा, मग स्विच, एक-दोन मोजा, स्विच सोडा आणि आणखी क्षणभर दाब तसाच ठेवा. दाबाआधी स्विच गेला की ठिणग्या उडतात आणि पत्र्याला भोक पडतं. आता पक्कडीने जोड सोला. चांगला टाका एका पत्र्याचा गोल तुकडा ओढून नेतो. पत्रे अलगद सुटले तर वेळ थोडा वाढवा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला हात लावू नका, झिंकचा धूर वाईट. तांबं आणि ॲल्युमिनियम या मशीनवर जमत नाहीत.

पाच-सहा टाक्यांनंतर कोअर थंड होऊ द्या. तेवढ्यात इलेक्ट्रोडची टोकं बघून घ्या. चेपून पसरली असतील तर करंट विखुरतो आणि टाका कच्चा राहतो, मग कानशीने पुन्हा चार मिलिमीटरवर आणायची.