विंडोजचं प्रीव्ह्यू बिल्ड कसं तपासावं आणि बिघडलं तर कसं सावरावं

प्रीव्ह्यू बिल्ड म्हणजे सगळ्यांना मिळण्याआधी तपासणीसाठी दिलेली विंडोजची कच्ची आवृत्ती. सेवा केंद्रातल्या, दुकानातल्या किंवा शाळेतल्या रोजच्या कॉम्प्युटरवर ती टाकू नका. पीक विम्याची मुदत संपत आली असताना ते मशीन अडलं, तर नुकसान रांगेतल्या शेतकऱ्याचं होतं.

वेगळं मशीन नसेल तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत प्रोग्रॅमने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर, वापरा. त्यासाठीच्या व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये ७.० आवृत्तीपासून टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षा सोयी आहेत, त्यामुळे त्यात विंडोज ११ बसतं. त्याला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा द्या. मूळ मशीनची रॅम १६ जीबी असेल तर काम सुरळीत चालतं. प्रत्येक नव्या बिल्डआधी स्नॅपशॉट (परत फिरता येईल अशी त्या क्षणाची नोंद) घ्या. प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन मात्र खऱ्या मशीनवरच नीट तपासलं जातं.

खऱ्या मशीनवर टाकताना आधी तीन गोष्टी करा. फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. आणि किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर नेहमीच्या विंडोजचा इन्स्टॉलर तयार ठेवा.

आता नोंदणी. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली डायग्नोस्टिक्समध्ये जाऊन ऐच्छिक माहिती पाठवणं चालू करा. मग विंडोज अपडेटमध्ये विंडोज इनसायडर प्रोग्रॅम उघडा, मायक्रोसॉफ्ट खातं जोडा आणि चॅनल, म्हणजे बिल्ड किती कच्चं हवं ती पातळी, निवडा. पहिल्यांदा रिलीज प्रीव्ह्यू किंवा बीटाच घ्या. त्याहून कच्च्या चॅनलमधून परतायला बहुधा सगळं पुसून नव्याने विंडोज टाकावं लागतं.

बिल्ड काही जीबींचं असतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा त्यातच संपेल, म्हणून ब्रॉडबँड असेल तिथेच उतरवा. उतरवताना वीज गेली तर फारसं बिघडत नाही, पण रीस्टार्टनंतर टक्केवारी दिसत असताना गेली तर विंडोज सुरूच न होण्याचा धोका असतो. भारनियमनाची वेळ टाळा. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये वीज बदलताना लागणाऱ्या क्षणातच मशीन रीस्टार्ट होऊ शकतं.

बसताना अडलं तर

एरर कोडच्या शेवटी १९००१०१ असेल तर बहुतेक वेळा दोष ड्रायव्हरचा (यंत्र विंडोजशी जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा) असतो. कीबोर्ड-माऊस सोडून सगळी यूएसबी उपकरणं काढा, बाहेरचा अँटिव्हायरस काढून टाका, पुन्हा प्रयत्न करा. ८००७००७० म्हणजे जागा कमी.

बसल्यावर एखादं यंत्र चालत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा ड्रायव्हर रोल बॅक करा, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर न्या. एखादं ॲप सतत बंद पडत असेल तर नवं युजर खातं काढून त्यात चालवून पाहा. तिथे चाललं तर बहुधा दोष तुमच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये आहे, बिल्डमध्ये नाही. सिस्टीमच्या फायली खराब वाटल्या तर विंडोजच्या दोन दुरुस्ती कमांड वापरा: आधी डिझमची रिस्टोअरहेल्थ चालवा, मग एसएफसी स्कॅननाऊ. क्रम उलटा करू नका, कारण एसएफसी चांगल्या फायली ज्या साठ्यातून घेतं तो साठाच डिझम दुरुस्त करतं.

विंडोज सुरूच होत नसेल तर लोगो दिसताच पॉवर बटण दाबून बंद करा. असं सलग तीनदा केलं की साधारणपणे रिकव्हरी स्क्रीन येते. तिथे ट्रबलशूटखाली ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून शेवटचं अपडेट काढा. तेव्हा आधी कागदावर उतरवलेली बिटलॉकर की लागू शकते.

चालू मशीनवर मागे फिरायला १० दिवस मिळतात. डिझमने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती संपायच्या आत. डिस्क क्लीनअपमध्ये जुन्या विंडोजच्या फायली पुसल्या तर हा मार्गच बंद होतो.

काय तपासायचं

आपल्याकडून सर्वांत मोलाची तक्रार मराठी मजकुराची असते, कारण मराठी न वाचणाऱ्या परीक्षकाच्या ती नजरेतच येत नाही. प्रत्येक बिल्डवर ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘ॲप’, ‘कृष्ण’, ‘श्रावण’, ‘बाळ’ हे शब्द नोटपॅडमध्ये, ब्राउझरमध्ये आणि फाइलच्या नावात टाइप करा. ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो का, ठिपक्यांचं वर्तुळ येतं का, ते पाहा. मग पीडीएफ करा आणि त्यातला मजकूर कॉपी करून परत चिकटवा. सर्चमध्ये मराठी नावाची फाइल सापडते का, तेही बघा.

बिघाड दिसला की विंडोज आणि एफ ही बटणं एकत्र दाबा, फीडबॅक हब उघडतो. त्यात स्क्रीनचं चित्र आपोआप जोडलं जाऊ शकतं, त्यामुळे ग्राहकाचा आधार क्रमांक किंवा बँक खातं उघडं नाही ना, हे आधी पाहा. तीच तक्रार कोणी केलेली असेल तर तिलाच दुजोरा द्या. नसेल तर एका तक्रारीत एकच दोष लिहा: विनव्हर कमांडने दिसणारा बिल्ड क्रमांक, फॉन्ट, कीबोर्ड इनस्क्रिप्ट की फोनेटिक, काय टाइप केलं, काय दिसलं आणि आधीच्या बिल्डमध्ये ते बरोबर होतं का.