ओल्या कचऱ्याचे खत घरी करताना ओल कशी सांभाळावी

पुण्याच्या कचऱ्याची दुर्गंधी उरुळी देवाची आणि फुरसुंगी या कचरा डेपोलगतच्या गावांच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे सोसली आहे, म्हणून आपल्या स्वयंपाकघरातला ओला कचरा शक्यतो उंबरठ्याबाहेर जाऊ देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ओला-सुका कचरा वेगळा करणे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच बंधनकारक झाले, त्यामुळे त्याविषयी येथे लिहीत नाही.

झाकणाच्या 20 लिटरच्या बादलीला तळाशी आणि बाजूंनी भोके पाडावीत, ती विटांवर ठेवावी आणि आत नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा.

खरी कसोटी पुढे आहे. भाज्यांची देठे आणि फळांच्या साली यांत 80 ते 90 टक्के पाणीच असते. ते पाणी कचऱ्यातल्या फटींत साचले की हवा कोंडते, हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि कचरा कुजण्याऐवजी सडू लागतो. पहिल्या वर्षी कोणाच्या तरी सांगण्यावरून मी रोज आंबट ताक ओतत गेलो. तिसऱ्या आठवड्यात बादलीच्या तळाशी काळा, आंबूस चिखल झाला होता आणि वास खालच्या मजल्यापर्यंत पोहोचला होता. ताक, गूळपाणी किंवा विकतचे महागडे विरजण यांनी हा दोष सुधारत नाही. सुका पाला घातल्यानेच सुधारतो. एक वाटी ओला कचरा टाकला की निदान एक वाटी चुरलेला पालापाचोळा किंवा कोरडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) त्याच वेळी टाकावे, उद्यावर ढकलू नये. पावसाळ्यात हे प्रमाण दीडपट करावे आणि पाला उन्हाळ्यातच पोत्यात भरून ठेवावा.

आठवड्यातून दोनदा कचरा तळापासून हलवून मूठभर दाबून पाहावा: तळहाताला ओल जाणवावी, पण थेंब गळू नये. थेंब गळला तर सगळा कचरा कागदावर पसरून तासभर वारा द्यावा. जाड, करड्या अळ्या दिसल्यास फिनाईल मुळीच ओतू नये. त्या चावत नाहीत, कचराच खातात, आणि पाला वाढवला की हळूहळू कमी होतात.

शिजवलेले तेलकट अन्न, मासे आणि हाडे टाकू नयेत.

बादली भरल्यावर ती दोन-तीन महिने बाजूला ठेवून अधूनमधून हलवावी आणि खत काळसर, भुसभुशीत झाले की चाळावे. चाळणीत उरलेला जाडाभरडा भाग फेकू नये, कारण पुढच्या बादलीचे विरजण तेच आहे.