अंताल्याहून एका दिवसात: पेर्गे, आस्पेन्डोस, सीदे आणि मानावगातचा धबधबा

तुर्कस्तानात अंताल्याला तीन-चार दिवस मुक्काम असेल, तर त्यातला एक अख्खा दिवस पूर्वेकडच्या रस्त्यासाठी राखून ठेवा. समुद्राला समांतर जाणाऱ्या या एकाच रस्त्याच्या आसपास तीन रोमन शहरं आणि एक भरपूर पाण्याचा धबधबा आहे. साधारण १८ किलोमीटरवर पेर्गे, ४५च्या आसपास आस्पेन्डोस, ७५च्या पुढेमागे सीदे आणि तिथून आत वळलं की मानावगात. सकाळी आठला निघालात तर अंधार पडेपर्यंत आरामात परत येता.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, त्यामुळे कुठेही गेले तरी आधी पाणी कुठून येतं ते बघते. या सहलीला येणारे बरेच जण अवशेष वेगळे आणि धबधबा वेगळा असं धरून चालतात. सकाळी दगड बघायचे, दुपारी दमलं की पाण्याकाठी बसायचं. पण दोन्ही एकाच पाण्यामुळे आहेत. उत्तरेला तोरोस पर्वताची चुनखडीची रांग आहे. तिच्यावर पडलेला पाऊस आणि वितळलेलं बर्फ खडकात मुरतं, आतल्या भेगा-बोगद्यांमधून वाहतं आणि खाली मोठमोठ्या झऱ्यांनी बाहेर येतं. त्याच पाण्याचे इथे धबधबे झाले, आणि तेच पाणी या शहरांनी मैलोन्‌मैल बांधकाम करून वेशीच्या आत आणलं. हे मनात ठेवून फिरलात तर दिवसभरात बघितलेली प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीला जोडली जाते.

आता सहल ठरवण्याबद्दल. अंताल्यात गल्लोगल्ली सहली विकायला असतात आणि सगळ्यांच्या पत्रकांवर हीच चार नावं असतात. फरक असतो तो वेळेत. म्हणून पैसे देण्याआधी प्रत्येक ठिकाणी नेमका किती वेळ देणार ते विचारा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. पेर्गेला दीड तास, आस्पेन्डोसला सव्वा तास, सीदेला दोन तास यापेक्षा कमी देत असतील तर दुसरीकडे चौकशी करा. दुसरा प्रश्न, वाटेत दुकानात नेणार का? फार स्वस्त सहलींत चामड्याच्या कपड्यांच्या किंवा दागिन्यांच्या शोरूममध्ये तासभर जातो, आणि तो तास पेर्गेतूनच कापला जातो. तिसरं, प्रवेशाची तिकिटं धरली आहेत की नाहीत. परदेशी पाहुण्यांसाठी या स्थळांचे दर युरोत लावलेले असतात आणि तीन ठिकाणांची बेरीज सहलीच्या किमतीइतकीही होऊ शकते. जेवण बहुधा धरलेलं असतं, पेयं बहुधा नसतात.

गाईडच्या गळ्यात परवान्याचं ओळखपत्र आहे का ते बघा. तुर्कस्तानात हे काम परवानाधारकांनीच करायचं असा कायदा आहे, आणि त्या परवान्यासाठी त्यांना शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. चांगला गाईड मिळाला तर दिवसाचं सोनं होतं. आमच्या गाईडला मी गाडीत बसल्या बसल्या सांगून टाकलं की मला पाण्याचं सगळं दाखवा. तो इतका खूश झाला की नेहमीच्या ठरलेल्या वाटा सोडून तो आम्हाला कोपऱ्याकोपऱ्यात घेऊन गेला. तुमची जी आवड असेल ती सकाळीच बोला.

एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पेर्गेत सावली जवळजवळ नाहीच. म्हणून उन्हाळ्यात जाणार असाल तर पेर्गे सकाळी पहिलं हवं, हा आग्रह सोडू नका. टोपी, दोन बाटल्या पाणी आणि पकड असलेले बूट घ्या. पायाखालचा दगड शतकानुशतकं झिजून गुळगुळीत झालेला आहे, चपलेवर घसरायला होतं.

पेर्गे मला सगळ्यात आवडलं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. आत शिरण्याआधी स्टेडियम लागतं, लांबी २३०हून जास्त मीटर. त्याच्या आसनांखालच्या कमानींमध्ये पूर्वी दुकानं होती. पुढे गेलं की ग्रीक काळातल्या वेशीचे दोन गोल बुरूज दिसतात. त्यांच्या मागच्या अंगणात थांबा. इसवी सन १२०च्या सुमारास प्लांकिया माग्ना नावाच्या बाईने हे अंगण स्वखर्चाने सजवलं. शहरातलं एक मोठं अधिकारपद तिच्याकडे होतं. तिथल्या कोनाड्यांमध्ये शहराच्या संस्थापकांचे पुतळे होते, त्यांत तिचे वडील आणि भाऊही. वडील रोमन साम्राज्यात एका प्रांताचे राज्यपाल झालेले, पण पुतळ्याखालच्या लेखात त्यांची ओळख काय, तर ‘प्लांकिया माग्नाचे वडील’. भावाची ओळख, ‘प्लांकिया माग्नाचा भाऊ’. गाईडने हे सांगितल्यावर आमच्या गटातल्या सगळ्या बायका पुन्हा मागे वळून ते अंगण बघायला गेल्या.

बुरुजांपासून सरळ उत्तरेला खांबांचा हमरस्ता जातो. त्याच्या मधोमध, जिथे आपण दुभाजक करतो तिथे, पाण्याचा पाट आहे, सुमारे दोन मीटर रुंद. इथे खाली वाकून नीट बघा. ठराविक अंतरावर पाटात आडवे दगड बसवलेले आहेत. रस्त्याला उतार आहे, पाणी नुसतं सोडलं असतं तर धावत सुटलं असतं. या आडव्या दगडांमुळे प्रत्येक टप्प्यात ते थोडं साठतं, वेग मोडतो, आणि मग पुढच्या टप्प्यात उतरतं. आम्ही कालव्यांवर उतार मोडायला हेच करत होतो, फक्त काँक्रीटमध्ये. रस्त्याच्या वरच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी, या पाटाचा उगम आहे. तिथे कारंजाची भिंत आहे आणि मधोमध नदीदेव केस्त्रोस आडवा पहुडलेला आहे. त्याच्या खालून पाणी बाहेर पडून पाटात उतरायचं. बरेच गट अर्ध्या रस्त्यातून परततात, कारण टोकापर्यंत चाल बरीच आहे. तुम्ही परतू नका. वेळ कमी असेल तर स्टेडियम गाडीतून बघा, पण केस्त्रोसपर्यंत जा.

येताना वेशीजवळची दक्षिणेकडची स्नानगृहं बघा. गरम पाण्याच्या दालनात फरशी जिथे उखडली आहे तिथे खाली विटांचे बुटके खांब रांगेने उभे दिसतात. भट्टीतली गरम हवा त्या खांबांमधून फिरायची आणि वरची फरशी तापायची.

आणि एक गोष्ट गणितवाल्यांसाठी. शंकुच्छेदांवर ग्रंथ लिहिणारा आणि पॅराबोला, एलिप्स, हायपरबोला ही नावं रूढ करणारा अपोलोनियस याच पेर्गेचा, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. सांडव्यावरून सुटलेली धार जो बाक घेते तो पॅराबोलाच. आयुष्यभर ज्या वक्रावर आकडेमोड केली त्याला नाव देणाऱ्या माणसाच्या गावात उभी आहे, या विचाराने मी हरखून गेले.

आस्पेन्डोसला सगळे नाट्यगृह बघायला येतात, आणि यायलाच हवं. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात, म्हणजे १६१ ते १८० दरम्यान, झेनो नावाच्या स्थपतीने ते बांधलं. रोमन नाट्यगृहांची रंगमंचामागची भिंत बहुतेक ठिकाणी पडलेली असते. इथे ती पूर्ण उंचीची उभी आहे. तेराव्या शतकात सेल्जुक या तुर्की घराण्याच्या सुलतानांनी इमारत वापरात घेतली, डागडुजी केली, म्हणून ती टिकली. भिंतीवर कुठे कुठे लाल रंगाची नागमोडी नक्षी दिसते ती त्यांचीच. अगदी वरच्या ओळीपर्यंत चढा, गुडघे साथ देत असतील तर. जोडीदाराला खाली रंगमंचाच्या जागी उभं करून साध्या आवाजात बोलायला सांगा. शब्द न्‌ शब्द वर येतो.

पण आस्पेन्डोसचं खरं अभियांत्रिकी धाडस नाट्यगृहाच्या मागे, उत्तरेला आहे. डोंगरातून आलेलं पाणी आणि शहराची टेकडी यांच्यामध्ये सखल दरी होती. तिथे रोमनांनी उलटा सायफन केला. पाणी दगडी नळातून दाबाखाली खाली उतरवलं, दरी ओलांडली आणि पलीकडे पुन्हा वर चढवलं. लांबी सुमारे पावणेदोन किलोमीटर. वाटेत दोन ठिकाणी, जिथे नळ वळतो तिथे, उंच मनोरे बांधून पाणी उघड्यावर आणलं. बंद नळ वळणावर फार जोर खातो, सांधे निखळतात. कुठल्याही पाणीपुरवठ्याच्या माणसाला हे दुखणं ठाऊक आहे. टिबेरियस क्लॉडियस इटालिकस नावाच्या नागरिकाने पाणी आणण्यासाठी वीस लाख दिनार दिल्याचा शिलालेख सापडला आहे. हे मनोरे नेहमीच्या कार्यक्रमात नसतात. बुकिंग करतानाच सांगा, ‘जलवाहिनीच्या मनोऱ्यांपाशी पंधरा मिनिटं थांबायचं आहे’. गाडी थोडी वळवली की झालं.

त्याच भागात क्योप्रू नदीवर सेल्जुकांचा जुना पूल आहे, रोमन पुलाच्या पायांवर उभारलेला आणि म्हणून मध्येच वाकडा वळलेला. त्याच्या बांधकामात मधोमध गोल भोक असलेले चौकोनी दगड शोधा. ते सायफनच्या नळाचे तुकडे, नंतर इथे वापरले गेले. दिसले की हात लावून बघा.

जेवण बहुधा आस्पेन्डोस आणि सीदेच्या मध्ये होतं. शाकाहारी असाल तर गाईडला आदल्या दिवशी कळवा. मसूर डाळीचं सूप, ग्योझलेमे, म्हणजे पालक किंवा चीज भरलेली पातळ पोळी, कोशिंबिरीसारखं चोबान सलाता आणि आयरान, म्हणजे आपलं ताक, यावर पोट छान भरतं. भाताबद्दल मात्र विचारून घ्या, तो पुष्कळदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात. ‘एतसिझ’ म्हटलं की मांस नको हे वाढप्याला कळतं.

सीदेत दुकानांची आणि हॉटेलांची गर्दी आहे, त्यामुळे तिथे निवडून बघा. समुद्राकाठचं अपोलोचं देऊळ सगळे बघतातच. पुन्हा उभारलेले पाच खांब, वर मेदूसाचे, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांच्या केसांच्या राक्षसिणीचे, मुखवटे, मागे निळं पाणी. नाट्यगृह बाहेरून बघा: आस्पेन्डोसला टेकडीचा आधार होता, इथे जमीन सपाट, म्हणून प्रेक्षकांच्या वरच्या रांगा कमानींवर तोलल्या आहेत. संग्रहालय जुन्या रोमन स्नानगृहातच आहे. आणि मुख्य वेशीच्या बाहेर, तटाच्या समोर, एक अजस्र कारंजं आहे. गाड्या त्याच्या शेजारून निघून जातात, गाईडला थांबायला लावा. शहरात शिरणाऱ्याला आधी पाणीच दिसावं अशी ती जागा. हे पाणी सुमारे ३० किलोमीटरवरून, तोरोसमधल्या दुमानली झऱ्यावरून यायचं. तो झरा आता ओयमापिनार धरणाच्या जलाशयाखाली गेला आहे. १९८४ साली पूर्ण झालेलं, १८५ मीटर उंचीचं कमानी धरण. मला त्या धरणाचा अभिमान वाटतो आणि झरा बुडाल्याची चुटपुटही लागते. दोन्ही खरं आहे.

मानावगातचा धबधबा त्याच नदीवर, धरणाच्या खालच्या बाजूला आहे. म्हणूनच तो शेवटी बघावा. उंचीची अपेक्षा ठेवू नका, पडतो जेमतेम एक-दोन पुरुष, पण नदीच्या सगळ्या रुंदीने पडतो. वर धरण असल्यामुळे उन्हाळ्यातही पाणी असतं. पूर आला तर मात्र खालचं पाणी इतकं चढतं की धबधबाच दिसेनासा होतो, तेव्हा जोरदार पावसानंतर जाणार असाल तर आधी विचारा. पूर्वीच्या पाच लिराच्या नोटेवर याचं चित्र होतं. आवाराला छोटंसं तिकीट आहे, पायऱ्या थोड्याच, काठाशी ट्राउट मासे भाजून देणारी उपाहारगृहं. दुपारी चारनंतर गर्दी ओसरते. कठड्यापलीकडे उतरू नका. पाणी बर्फासारखं गार आहे आणि ओढ फसवी आहे.

काही सहली मानावगातऐवजी कुर्शुनलूला नेतात. तो पेर्गेच्या बाजूला, १८ मीटर उंच, झाडीत दडलेला. लहान मुलं बरोबर असतील तर तिथल्या पाऊलवाटा त्यांना आवडतील, पण ऑगस्टमध्ये धार बारीक होते. वसंतात कुर्शुनलू, भर उन्हाळ्यात मानावगात, असं माझं मत.

अंताल्यात परत शिरताना अंगात त्राण असेल तर चालकाला लारा रस्त्याने घ्यायला सांगा. दुदेनचा खालचा धबधबा तिथे सुमारे ४० मीटरवरून थेट समुद्रात पडतो, बघायला तिकीट नाही. शेजारच्या बागेच्या कठड्यावरून तो समोरून दिसतो. पुलाजवळून फक्त माथा दिसतो. गाईडला आणि चालकाला बक्षिसी वेगवेगळी द्या, लिरांमध्ये, आणि चालकाला विसरू नका. मनोऱ्यांकडे गाडी वळवणारा तोच असतो.