लिव्हर दाबता येतो, सोडता येत नाही: पेडल स्टील गिटारवर गुडघ्याच्या या चुका टाळा

"लिव्हर बिघडलाय. ई तार परत सुरात येतच नाही."

पेडल स्टील शिकणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधी गिटारकडे बघतच नाही, वाजवणाऱ्याच्या गुडघ्याकडे बघतो. पेडल स्टील म्हणजे पायांवर उभी असलेली आडवी गिटार: हातातला बार तारांवर सरकवायचा, आणि पायाखालची पेडलं व गुडघ्याने ढकलायचे लिव्हर खालच्या रॉडांमार्फत तारांचा सूर चढवतात-उतरवतात. एका मित्राकडे गेलो तेव्हा त्याने गिटार उलटी करून खालचे दोन रॉड काढून ठेवले होते. आम्ही ते परत बसवले, ट्यूनर जोडला आणि त्याला नेहमीसारखं बसून चौथी तार छेडायला सांगितली. काटा मधल्या रेघेच्या किंचित डावीकडे, म्हणजे सूर उतरलेला. "डावा गुडघा जरा डावीकडे घे," म्हटलं. काटा सरकला आणि रेघेवर येऊन थांबला. लिव्हर सोडल्यावर त्याचा गुडघा नकळत तिथेच टेकलेला राहत होता. रॉड बिचारे चोख होते.

लिव्हरच्या बहुतेक तक्रारी अशाच निघतात. दाबायचं सगळे शिकतात, सोडायचं कोणी वेगळं शिकत नाही. सूर जिथून निघाला तिथे नेमका परत आला का, हे ऐकायची सवय लागली की निम्म्या अडचणी पाना न उचलता सुटतात.

पुढचं सगळं दहा तारांच्या ई-नाईन ट्यूनिंगबद्दल (तारा लावायची एक प्रचलित पद्धत) आणि एमन्स मांडणीबद्दल (पेडल-लिव्हरांचा एक ठरलेला क्रम) आहे. त्यात डावा गुडघा डावीकडे नेला की चौथी आणि आठवी तार ई वरून एफ वर चढते, उजवीकडे नेला की त्याच तारा डी शार्पवर उतरतात. गुडघा वर उचलण्याचा लिव्हर असेल तर तो बहुधा बी ला बी फ्लॅटवर आणतो. उजव्या गुडघ्याच्या लिव्हरांबाबत प्रत्येकाची आवड वेगळी, पण त्यातला एक जवळजवळ सगळीकडे सापडतो: दुसरी तार डी शार्पवरून आधी डी आणि मग सी शार्पवर, सोबत नववी डी वरून सी शार्पवर. डे नावाच्या दुसऱ्या मांडणीत पेडलांचा क्रमच उलटा असतो. तेव्हा दुसऱ्याचा धडा गिरवण्याआधी आपल्या गिटारचा तक्ता कागदावर लिहून काढा: कोणता लिव्हर कोणती तार कुठून कुठे नेतो. तो तक्ता न पाहता महिनोन् महिने चुकीचा लिव्हर दाबत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

आपल्याकडे स्टीलचा सूर नवा नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात हजारा सिंग आणि वॅन शिप्ली यांनी वाजवलेली हवाईयन गिटार आपल्या कानात मुरलेली आहे. पण तिथे मींड काढायची ती हातातल्या बारने, आणि बार सरळ सरकवला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा एकत्र सरकतात. पेडल स्टीलवर बार जागेवर ठेवून तीनपैकी एकच सूर हलवता येतो, बाकीचे दोन तसेच गात राहतात. १९५४ साली गाजलेल्या अमेरिकी कंट्री गायक वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबलं, आणि नॅशव्हिलमधल्या स्टीलवादकांना हे वाद्य काय करू शकतं ते कळलं. लिव्हर त्याच घरातले. म्हणून लिव्हरला दिव्याचं बटण समजणं ही पहिली मोठी चूक. सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो तो सगळा प्रवास ऐकू येतो.

यावर मी सगळ्यांना एकच रियाज सांगतो. तिसऱ्या फ्रेटवर बार ठेवा, चौथी आणि पाचवी तार छेडा, मेट्रोनोम ६० वर लावा. दोन ठोक्यांत चौथी तार अर्धा सूर खाली न्या, दोन ठोके थांबा, दोन ठोक्यांत परत आणा. आणताना लिव्हर "सोडू" नका, गुडघ्याने त्याला जागेवर पोचवा आणि मग गुडघा त्याच्यापासून बोटभर दूर न्या. हे शेवटचं बोटभर अंतर फार महत्त्वाचं. लिव्हर एकदम सोडला तर तो खटकन आपटतो, तो आवाज पिकअपमधून ऐकू येतो, आणि हळुवार गाण्यात तर फारच खुपतो.

बसण्यातली चूक

गुडघा टेकलेला राहण्याचं कारण बहुतेक वेळा खुर्ची असते. सीट फार उंच असेल तर मांड्या गिटारच्या तळाला लागतात आणि उभा लिव्हर आपोआप दाबला जातो. फार खाली असेल तर तोच लिव्हर दाबायला टाच उचलावी लागते, पाऊल पेडलवरून सुटतं. डावं पाऊल ए पेडल (बी ला सी शार्पवर चढवणारं) आणि बी पेडल (जी शार्पला ए वर चढवणारं) यांवर टेकवून दोन्ही गुडघे सैल सोडा. प्रत्येक लिव्हर आणि गुडघा यांत साधारण अर्धा-पाऊण इंच मोकळी जागा राहिली पाहिजे, आणि पाऊल जागचं न हलता गुडघा दोन्हीकडे पोचला पाहिजे. जेवणाच्या टेबलाची खुर्ची आज, प्लॅस्टिकचं स्टूल उद्या, असं करू नका. सीटची उंची रोज तीच हवी आणि गिटारसमोर बसायची जागाही तीच. पायाला अंतर पाठ होतं, आणि दोन इंच बदललं तरी ते पाठांतर वाया जातं.

पेडल आणि लिव्हर एकत्र

खरी फजिती इथे होते. जी मेजर तीन ठिकाणी मिळतो: तिसऱ्या फ्रेटवर काहीही न दाबता, सहाव्या फ्रेटवर ए पेडल आणि एफ लिव्हर (ई ला एफ वर चढवणारा) मिळून, दहाव्या फ्रेटवर ए आणि बी पेडल मिळून. तिसऱ्यावरून सहाव्यावर जाताना बार, घोटा आणि गुडघा, तिघांना एका क्षणी पोचायचं असतं. सहावी, पाचवी आणि चौथी तार घ्या. तिसऱ्या फ्रेटवर त्या बी, डी, जी वाजतात, सहाव्यावर पोचल्यावर डी, जी, बी. आता समजा गुडघा आणि बार वेळेवर आले पण ए पेडल मागे राहिलं. पाचवी तार जी ऐवजी एफ वर अडकते, आणि प्रसन्न मेजरच्या जागी डी, एफ, बी असा डिमिनिश्ड ओरखडा उमटतो. गुडघा मागे राहिला तर चौथी तार बी फ्लॅट वाजते आणि जी मेजरचा जी मायनर होतो.

म्हणजे चूक ऐकूनच कळतं कोण उशिरा आलं. ओरखडा आला तर घोटा, उदास वाटलं तर गुडघा. आधी बार न हलवता सहाव्या फ्रेटवरच पेडल आणि लिव्हर एकत्र दाबून-सोडून बघा, निदान दहा मिनिटं. ते जुळल्याशिवाय बारला हात लावू नका. आणि परत येतानाचा रियाज तितकाच करा. बहुतेकांचा गुडघा जाताना वेळेवर जातो, येताना रेंगाळतो.

दुसऱ्या तारेचा अर्धा थांबा

उजव्या गुडघ्याच्या त्या लिव्हरवर डी हा वाटेतला थांबा आहे. तिथे गुडघ्याला किंचित अडथळा जाणवावा अशी रचना असते. बऱ्याच गिटारवर नववी तार नेमकी त्याच क्षणी खेचली जायला लागते, म्हणून लिव्हर जड लागतो. हा अडथळा चुकीच्या जागी आला तर कितीही रियाज करा, डी कधी चढा तर कधी उतरलेला येणार. त्यामुळे आधी जागा तपासा: दुसरी तार छेडून लिव्हर हळूहळू दाबा, जड लागलं तिथे थांबा, ट्यूनर बघा. डी नसेल तर ते यंत्राचं काम आहे, तुमचं नाही.

सुरात लावताना होणाऱ्या चुका

क्रम पाळा. मोकळ्या तारा आधी, चाव्यांनी. मग पेडल, मग लिव्हर, उजव्या टोकाच्या नायलॉनच्या नटांनी. मोकळी तार उतरलेली वाटली म्हणून नायलॉनचा नट पिळणं ही मला सगळ्यात जास्त आढळलेली चूक. चढवणारा नट जास्त पिळला की चेंजरचा (उजव्या टोकाला तारा ताणणाऱ्या-सैल करणाऱ्या यंत्रणेचा) फिंगर, म्हणजे तार खेचणारा हलता तुकडा, आपल्या थांब्यावर टेकतच नाही, अधांतरी राहतो. मग ती तार कधीच एका जागी परत येत नाही. शंका असेल तर तो नट दोन फेरे सैल करून मोकळी तार वाजवा. सूर उतरला तर दोष तिथेच होता. आता मोकळी तार चावीने लावा आणि मगच लिव्हरचा सूर नटाने.

उलट, नट पुरता पिळूनही एफ येत नसेल तर जोर करू नका. लिव्हरच्या थांब्याचा स्क्रू बघा, तो लिव्हरला पुरता फिरू देत नसेल. नुकत्याच तारा बदलल्या असतील तर आणखी एक शक्यता आहे. सहावी तार साधीऐवजी गुंडाळीची लावली की तोच सूर गाठायला लिव्हरला जास्त हलावं लागतं, कारण तिची आतली तार बारीक असते आणि तेवढ्याच खेचण्याने तिचा ताण कमी बदलतो. कालपर्यंत जी शार्पवरून एफ शार्पवर उतरणारा लिव्हर आज अडला, तर आधी तारांचं पाकीट बघा.

आता एफ कुठे लावायचा हे. ट्यूनरचा काटा शून्यावर आणून एफ लावला तर ए पेडलसोबत तो आंबट लागतो, आणि लोक लिव्हरला दोष देतात. इथे आपल्या कानाला एक फायदा आहे. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार ज्याने ऐकलाय, त्याला पियानोचा गंधार चढा का वाटतो हे सांगावं लागत नाही. तो जवळजवळ १४ सेंट वर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). ई-नाईनवर ए पेडलने येणारा सी शार्प हा ए मेजरचा गंधार. एफ लिव्हरने येणारा सूर हा त्या सी शार्पचा गंधार. गंधारावर गंधार, म्हणून शुद्ध लावला तर तो एफ पियानोच्या समान अंतरांच्या सुरावटीपेक्षा सुमारे २८ सेंट खाली बसतो. आकडा पाहून दचकायला होतं, पण ए पेडल आणि एफ लिव्हर दाबून सहावी, पाचवी, चौथी एकत्र छेडा आणि नट हळूहळू फिरवा. सुरांमधली थरथर मंदावत मंदावत थांबते ती जागा कान सोडणार नाही. सगळेच इतकं खाली नेत नाहीत. पियानोसोबत वाजवणारे थोडं वर ठेवतात. ती तुमची निवड, मात्र ती कानाने करा.

गुडघा निर्दोष, तरी तार परत येत नाही

मग मात्र यंत्राकडे वळा. चौथी तार लिव्हरने उतरवून सोडली की ती जराशी चढी परत येते आणि चढवून सोडली की जराशी उतरलेली, असं होत असेल तर घर्षण आहे. चावीच्या बाजूच्या नटावर, म्हणजे तार जिथून पटावर उतरते तिथे, छोटे रोलर असतात. त्यातला एखादा फिरत नसेल तर तार रोलरवर अडकते आणि दोन्हीकडचा ताण सारखा होत नाही. तार सैल करून रोलर बोटाने फिरवून बघा. मळ पुसा, आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. एकच. तेलावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत पुन्हा तीच तक्रार येते. चावीवर ढिले, एकावर एक चढलेले वेढे असतील तर तार नवी लावा, दोन-तीन नीट वेढे पुरतात.

ज्या तारा चढतातही आणि उतरतातही त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट बघायची. चढवणारा लिव्हर दाबून उजव्या टोकाला डोकावा. उतरवणारा फिंगर तेव्हा हलता कामा नये. हलत असेल तर त्याची परतीची स्प्रिंग सैल पडली आहे, एक टप्पा ताणून द्या. फार ताणलीत तर उतरवणारा लिव्हर जड होईल, तेव्हा एकेका टप्प्याने जा आणि प्रत्येक वेळी ट्यूनर बघा.

उजव्या गुडघ्याची एक अडचण वेगळीच असते. लिव्हर दाबला की आवाज कमी-जास्त होतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं अँप बिघडला. उजवं पाऊल व्हॉल्यूम पेडलवर असतं. गुडघा बाजूला नेताना टाच उचलली किंवा फिरली की पेडलही हलतं. टाच घट्ट टेकवा आणि पाय खुब्यातून वळवा, घोट्यातून नाही. व्हॉल्यूम पेडल जरा तिरकं ठेवून बघा, पाऊल नैसर्गिकपणे जिकडे वळतं तिकडे. मग पहिली तार छेडून आवाज एका पातळीवर धरा आणि दोन्ही उजवे लिव्हर आळीपाळीने दाबा, सोडा. पेडलच्या कडेला पेन्सिलची खूण करून ठेवा. दहा वेळा दाबून-सोडून झाल्यावर पेडल त्या खुणेवरच असलं पाहिजे.