कुत्री माजावर आहे आणि फिरवायचीय? या चुका टाळा

पोळा झाला की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, आमची कुत्री माजावर आलीय, फिरवू का नको?" दरवर्षी तेच प्रश्न, आणि न विचारता केलेल्या त्याच चुका. आपल्याकडं गल्लीतल्या कुत्र्या बहुतेक पावसाळा सरताना माजावर येतात, म्हणून तर 'भादव्यातलं कुत्रं' असं बोलायची पद्धत पडली. घरातली कुत्री मात्र महिना बघत नाही. साधारण सहा-सात महिन्यांनी, वर्षात कधीही येते. ती नेमकी भादव्यात आली, तर बाहेरचे गडी, म्हणजे नर कुत्री, आधीच पेटलेले असतात आणि आपली फजिती दुप्पट होते.

मी कारवानी कुत्री पाळतो. आमचं गाव लातूर-उदगीर रस्त्याला, या भागात कारवानी घरोघर नसली तरी गल्लोगल्ली आहे. पळण्यासाठीच घडलेली ही जात. तिला तीन आठवडे कोंडून ठेवा म्हणणाऱ्यानं ती एकदा स्वतःच्या घरात ठेवून दाखवावी.

आता सगळ्यात मोठी चूक. रक्त थांबलं म्हणजे माज संपला. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सुरुवातीचे सरासरी नऊ दिवस रक्त जातं, लघवीची जागा सुजते. नर मागं लागतात, पण ती जवळ येऊ देत नाही, दात दाखवते. मग रक्त फिकं होतं, गुलाबी किंवा वाळल्या कडब्याच्या रंगासारखं. सूज जराशी मऊ पडते. कमरेवर हात ठेवला की शेपटी एका बाजूला करून ताठ उभी राहते. लोक नेमके इथंच "झालं बाबा एकदाचं" म्हणून पट्टा सोडतात. खरा धोका इथून सुरू होतो आणि पुढं आणखी आठवडाभर, कधी त्याहून जास्त टिकतो. त्यातही प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एखादी पाचव्या दिवशीच तयार होते, एखादी सतराव्या.

हे मी शिकलो ते हरणीकडून, म्हणजे माझ्या कारवानी कुत्रीकडून. पोळ्याच्या तीन-चार दिवस आधी तिचा पहिला डाग फरशीवर दिसला. महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी घरात ही धावपळ. सोळा भाज्या निवडायच्या, पुरणाला चूल एक कमी पडायलेली. पुतण्या म्हणाला, "काका, दोन दिस झाले डाग न्हाई. रानात पळवून आणू का? लई आदळआपट करायलीय." मी पूजेच्या गडबडीत मान हलवली. चूक माझी, पोराची नाही.

त्यानं बांधावर नेऊन पट्टा सोडला. सोयाबीन कमरेएवढं आलेलं. हरणी दोन फेऱ्या मारून आली, तिसऱ्या फेरीत सोयाबीनच्या आत गेली ती आलीच नाही. शेजारच्या आखाड्यावरचं, म्हणजे शेतवस्तीवरचं, एक कानफाटं, काळं-पांढरं कुत्रं कधीचं तिथं दबा धरून होतं. पोराचा फोन आला तेव्हा दोघं अडकलेली होती, आणि आखाड्यावरचा गडी बादलीनं पाणी मारायला निघाला होता.

इथं थांबा आणि हे नीट वाचा. अडकलेली जोडी ओढून सोडवायची नाही. आत नराच्या लिंगाच्या मुळाशी गाठ फुगलेली असते, ती उतरल्याशिवाय सुटत नाही. ओढलं तर दोघांनाही आतून इजा होते. पाणी, काठी, फटाका यातल्या कशानंही गाठ लवकर उतरत नाही, उलट घाबरून कुत्री नराला फरफटत नेते. मी पळत गेलो, बादली खाली ठेवायला लावली आणि हरणीचं डोकं मांडीवर धरून वाफ्यात बसलो. अंगात नवा सदरा, कपाळाला हळदी-कुंकू. वीस-पंचवीस मिनिटं लागली. घरी सवाष्णी ताटावर खोळंबलेल्या.

तुळशीच्या लग्नाला पाच पिल्लं झाली. कुत्रीचे दिवस साधारण ६३ धरतात, त्यात चुकलं काही नाही. पिल्लं द्यायला पुढं तीन महिने हिंडलो ते वेगळंच. तेव्हापासून दूधवाल्याचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहितो, त्यावरच पहिल्या डागाच्या चौकटीत 'ह १' लिहितो. तिथून २१ दिवस मोजतो आणि वर आठवडा धरतो. २८ व्या दिवसापर्यंत पट्टा सुटत नाही, मग घरात लग्न असो नाहीतर महालक्ष्म्या.

दारातून चालत नेणं ही दुसरी चूक, आणि हिच्याकडं कुणीच बघत नाही. माजावरची कुत्री चार पावलांवर लघवी करते. तो तिचा निरोप असतो. घरापासून पारापर्यंत ती निरोप सोडत जाते आणि रात्री त्याच वाटेनं बारा गडी तुमच्या गेटवर हजर! मी तिला गाडीत घालून दोनेक किलोमीटर लांब, माळावर नेतो. तिथं उतरवतो, फिरवतो, परत गाडीत. लहान कुत्री असेल तर गल्लीच्या टोकापर्यंत उचलून न्या, लाजायचं काय त्यात? मात्र ती तिथं थांबून हुंगायलीय, मुततेय, तर ओढू नका. या दिवसांत तिला तेवढा वेळ द्यावाच लागतो.

वेळेचंही तेच. लोकांना वाटतं पहाटे पाचला रस्ता मोकळा असतो. माणसांचा असतो, कुत्र्यांचा नव्हे. पहाट आणि दिवेलागण हीच त्यांची हिंडायची वेळ. मी नऊ-साडेनऊला नेतो, तेव्हा बहुतेक गडी सावली धरून पडलेले असतात. हा हिशेब पावसाळ्या-हिवाळ्याचा. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा गल्लीतली कुत्री झोपलीत म्हणून भर दुपारी डांबरी रस्त्यावर नेणारा एक महाभाग मी पाहिलाय. कुत्रीचे तळवे सोलून निघाले. हाताची उलटी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. टेकवत नाही ना? मग घरी चला. उन्हाळ्यात सकाळी लवकर, थोडंच, आणि गाडीनंच.

बाकीच्या चुका थोडक्यात.

डायपर म्हणजे कुलूप नव्हे. ते फरशीसाठी आहे, नराला ते अडवत नाही.

लांब सुटणारी दोरीची पट्टी घरी ठेवा. पाच फुटांचा जाड पट्टा आणि अंगाला बसलेला हार्नेस घ्या. गळ्यातला पट्टा ती मागं सरकून काढते, कारवानीची मान तर डोक्याएवढीच.

वास मारायला डांबरगोळ्या पट्ट्याला बांधू नका, त्या पोटात गेल्या तर विष आहेत. अत्तर, बाम वगैरेनं नर फसत नाही.

कुत्री मागं लागली की दगड मारू नका. मी काठी जमिनीवर आपटतो आणि तिला माझ्या आड घेतो. भांडणात हात घातला आणि दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. हळद भरून घरी बसू नका.

तिला दमवून माज उतरत नाही. काही दिवस ती स्वतःच सुस्त असते, जेवत नाही. तेव्हा सायकलमागं पळवण्यात कसलं शहाणपण? मी त्या दिवसांत भाकरीचे तुकडे पोत्याच्या घड्यांत लपवतो आणि हुडकायला लावतो. पंधरा मिनिटं नाक चाललं की हरणी माळभर पळाल्यासारखी पडते.

शेवटी घाईवाल्यांसाठी. "एक इंजेक्शन मारून माज थांबवता येतो म्हणे." येतो. पण त्या हार्मोनच्या इंजेक्शननं गर्भपिशवीत पू व्हायचा धोका वाढतो, आणि हे सांगायला मेडिकलवाला येत नाही. पिल्लं नकोच असतील तर पिशवी काढून घ्या. तीही माजात नको, तेव्हा तिथं रक्त जास्त उतरलेलं असतं. बहुतेक डॉक्टर माजानंतर दोन-तीन महिने थांबायला सांगतात. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथं विचारा.

आणि २८ दिवस झाले, पट्टा सुटला, म्हणून कॅलेंडर फाडू नका. पुढच्या एक-दोन महिन्यांत ती एकदम जास्त पाणी प्यायला लागली, ओकली, पळायला निघेना किंवा मागून घाण वासाचा स्राव आला, तर तो पिशवीतला पू असू शकतो. कधीकधी स्राव दिसतही नाही. मी पाण्याच्या घमेल्याला आत खिळ्यानं रेघ मारून ठेवलीय. रोज रात्री रेघेपर्यंत भरतो, सकाळी किती खाली गेलं ते बघतो.