आजारी सशाला घरी आराम कसा द्यावा

ससा दुखणं लपवतो. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडते. ससा मात्र पाय पोटाखाली घेऊन कोपऱ्यात बसतो, डोळे अर्धवट मिटतो आणि घरच्यांना वाटतं, आज फार शहाण्यासारखा बसलाय. म्हणून शुश्रूषा त्याच्या शौचाच्या ट्रेपासून सुरू करायची.

१. आधी लेंड्या बघा

धडधाकट सशाच्या लेंड्या गोल, कोरड्या, जवळपास एकाच मापाच्या असतात. चुरगाळल्या की आतून गवताचे तंतू निघतात. त्या बारीक, वेड्यावाकड्या किंवा केसांत ओवल्यासारख्या दिसल्या तर आतडी मंदावली आहेत. सशाचं पोट सतत हलतं राहावं लागतं. खाणं थांबलं की आतडं थंडावतं, वायू धरतो, वायूने दुखतं आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. उलटी करून मोकळं होण्याची सोयही त्याला नाही.

१० ते १२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंडीच पडली नाही, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा. मोठ्याने दात करकर वाजवणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, मान एका बाजूला कलणं, कान गार पडणं, पोट ढोलकीसारखं ताठ होणं यांतलं काहीही दिसलं तर एक तासही थांबू नका. पुण्यात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ आहेत, पण सशांवर हात बसलेले डॉक्टर मोजके. कोण ससा बघतं आणि रात्री फोन उचलतं, हे ससा ठणठणीत असतानाच विचारून ठेवा.

खालचं सगळं डॉक्टरांना दाखवून आणल्यानंतरचं, किंवा त्यांच्याकडे पोचेपर्यंतचं.

२. जागा

टाइल्सवर अशक्त सशाचे पाय घसरतात. जाड सतरंजी, तिच्यावर टॉवेल अंथरा. लपायला बाजू कापलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवा. ट्रे, पाणी आणि गवत तीन-चार पावलांच्या आत हवं. नळीची बाटली असली तरी पसरट जड वाटीतही पाणी ठेवा. आजारी ससा वाटीतून जास्त पितो. जोडीदार ससा असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वेगळा करू नका. त्याच्यासोबत आजारी ससा लवकर खायला लागतो. गणपतीत ढोल-ताशाचं पथक खालून जाणार असेल, किंवा दिवाळीचे फटाके असतील, तर त्याला रस्त्यापासून लांबच्या खोलीत हलवा.

३. ऊब की गारवा

सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. गुदद्वारातून मोजायची पद्धत डॉक्टरांकडून एकदा हाताने शिकून घ्या. अंदाजाने केलं तर इजा होते. ३८च्या खाली गेलं तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा आणि लगेच निघा. बाटलीपासून दूर सरकायला त्याला जागा हवी. गार पडलेल्या सशाला भरवायचं नाही.

एप्रिल-मेमध्ये उलट प्रश्न. खोली २८ अंशांच्या वर गेली की सशाला त्रास सुरू होतो. बर्फ झालेली बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा, कान साध्या पाण्याने ओले करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्यानेच जीव जाईल. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा दोन-तीन बाटल्या बुधवारीच फ्रीजरमध्ये टाका.

४. खाणं

गवत समोर कायम. मंडईत मिळणारी दुर्वांची जुडी चांगली धुऊन, पाणी निथळून द्या. आजारी सशाला ती बहुधा मोह घालते. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला चालतो. लसूणघास (अल्फाल्फाचा चारा) मात्र मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त. ‘निदान हे तरी खाईल’ म्हणून केळं, गाजर, बिस्कीट पुढे करण्याचा मोह आवरा. साखरेने वायू वाढतो.

डॉक्टरांनी भरवायला सांगितलं असेल तर तृणाहारी प्राण्यांची रिकव्हरी पावडर पाण्यात कालवा. ती नसेल तर साध्या पेलेट्स (सशाचं दाणेदार खाद्य) कोमट पाण्यात भिजवून पातळ लगदा करा. बिनसुईची सिरिंज घ्या. तयार लगद्याचं नेहमीचं प्रमाण दिवसाला किलोमागे सुमारे ५० मिली. दीड किलोच्या सशाला ७५ मिली, म्हणजे १५ मिली पाच वेळा. टॉवेलात गुंडाळून पोटावरच बसवा, उताणा कधीच नाही. पुढचे दात संपतात तिथल्या बाजूच्या फटीतून सिरिंज आत घाला, एकेक मिली सोडा, चावून गिळू द्या. समोरून जोरात दाबलं की लगदा फुप्फुसात जातो. पोट ताठ असेल तर भरवणं थांबवा आणि फोन करा: आत अडथळा असल्यास भरवणं घातक ठरतं.

५. औषधं

घरातलं उरलेलं काहीही नाही. लहान मुलांचं अमॉक्सिसिलिन सिरप तोंडाने दिलं तर आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, वाईट जिवाणूंचं विष पसरतं आणि ससा दगावू शकतो. कुत्र्यांसाठीचं फिप्रोनिलचं गोचीड-औषधही सशाला विषारी आहे. वेदनाशामक हवं असतं, पण मात्रा डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेलीच.

६. स्वच्छता

आंघोळ नाही. मागचा भाग लघवीने ओला झाला तर कोमट ओल्या कपड्याने पुसून टॉवेलने पूर्ण कोरडा करा. पावसाळ्यात ओल्या केसांवर माश्या अंडी घालतात, एका दिवसात अळ्या होतात. म्हणून जून ते सप्टेंबर दिवसातून दोनदा शेपटीखाली बघा. अळी दिसली तर थेट दवाखाना.

रोज एकाच वेळी किचनच्या वजनकाट्यावर वजन घेऊन लिहून ठेवा. बरं वाटायला लागलं की लेंड्या आधी बारीक येतात, मग मोठ्या होतात. त्या मापावर आल्या, तो स्वतःहून गवत चावू लागला आणि वजन स्थिर राहिलं, की सिरिंज एकदम बंद न करता एक-दोन दिवसांत कमी करत न्या.