धुळ्याहून डुमस: रात्री ठरलेल्या सहलीची तयारी

रात्री साडेनऊला नणंदबाईंचा, म्हणजे आमच्या ताईंचा, फोन आला, "उद्या दोघींनाही सुट्टी आहे. समुद्र बघून येऊ या का गं?" मी हो म्हटलं आणि पहिली गोष्ट पाहिली ती भरतीची वेळ. खान्देशातून एका दिवसात समुद्र गाठायचा तर सगळी तयारी या वेळेपासून उलटी मोजत यावी लागते. आपल्याला जवळचा किनारा सुरतेकडचा, डुमसचा. खंबातच्या आखातालगतचा हा समुद्र ओहोटीला इतका मागे जातो की समोर उरतो तो नुसता चिखल. पहिल्यांदा गेलो तेव्हा वेळ न बघता गेलो होतो. दोन तास चिखलाकडे बघत बसलो, आणि पाणी यायला लागलं तेव्हा आमची परतायची वेळ झाली होती.

भरती साधारण साडेबारा तासांनी पुन्हा येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते. म्हणजे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. मुंबईची वेळही धरू नका, आखातात पाणी तिच्या नंतर चढतं. मोबाईलवर डुमसशेजारच्या हजिरा बंदराची किंवा सुरतेची वेळ बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जोरात चढतं आणि तितकंच दूर जातं, अष्टमीच्या सुमारास जरा बेतानं. भरती दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान असेल तर दिवस उत्तम. सकाळी सातला किंवा संध्याकाळी सातला असेल तर मी सरळ पुढच्या आठवड्यावर टाकते.

धुळ्याहून सुरत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पुढे डुमस आणखी थोडं. चहापाण्यासकट पाच तास धरा, म्हणजे पहाटे पाचला गाडी कुसुंब्याच्या रस्त्याला लागायला हवी. गाडीचं सगळं म्हणूनच आदल्या रात्री. चारही चाकांची हवा बघताना स्टेपनीची हवा नक्की बघा. मागच्या वर्षी दहिवेलच्या अलीकडे आमचं चाक बसलं. स्टेपनी काढली तर तीही मऊ. ताई टॉर्च धरून उभ्या आणि मी येणाऱ्या ट्रकांना हात करतेय, असा पाऊण तास गेला. तेव्हापासून हवा भरायचा छोटा पंप डिकीतच असतो. जॅक आहे का, पाना नटाला नीट बसतो का, हे अंगणातच करून बघा. आणि चाक बदलताना नट आधी सैल करायचे, जॅक मग लावायचा, हे दोघींनाही माहीत हवं.

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असू द्या. फास्टॅगमध्ये जाण्यायेण्याचे पैसे भरून ठेवा. पेट्रोल नवापूर ओलांडता येईल एवढंच भरा, गुजरातेत ते लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त मिळतं. घरातल्या दुसऱ्या कुणी गाडी वापरली असेल तर डिकी आणि सीटखालचे कप्पे रिकामे करून बघा. गुजरातेत दारूबंदी आहे, एखादी विसरलेली बाटलीही अडचणीत आणते.

खाण्याचं ताईंकडे, आणि त्या दशम्याच करतात. पीठ दुधात मळायचं, पाण्याचा थेंबही नाही, तरच त्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. भाजल्यावर लगेच डब्यात भरायच्या नाहीत. फडक्यावर सुट्या पसरायच्या, पूर्ण गार होऊ द्यायच्या. वाफ डब्यात कोंडली की खालच्या दोन दशम्या ओल्या होतात आणि दुपारपर्यंत वास मारतो. सोबत शेंगदाण्याची लसूण घातलेली कोरडी चटणी, कांदा, आणि जरा कच्चट केळी. पिकलेली केळी गाडीच्या उन्हात काळी पडतात. डुमसला टोमॅटोची भजी खायचीच असतात, तेव्हा डबा बेताचाच भरा. पाण्याचे मात्र दोन कॅन: एक प्यायला, एक पाय धुवायला.

कोंडाईबारीच्या घाटात ताईंना मळमळतं. लिंबू आणि आलेपाक पुढच्या कप्प्यात हाताशी ठेवते, आणि साक्रीच्या पुढे त्यांना मोबाईल बघू देत नाही. घाटात ट्रकांच्या रांगेमागे शांतपणे चालायचं, ओव्हरटेकची घाई करायची नाही. रस्त्याचा नकाशा आधीच उतरवून घ्या. बायकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: स्वच्छतागृहासाठी मोठे पेट्रोल पंप बघून ठेवा, आणि ते टाळण्यासाठी पाणी कमी पिऊ नका. साबणाचा कागद, जुना टॉवेल, एक जास्तीचा ड्रेस, साध्या रबरी चपला. साडीची हौस असेल तर सुती नेसा, ओली सिंथेटिक पायांना गुंडाळते.

तिथली वाळू काळसर आहे. गाडी वाळूवर नेऊ नका, कितीही जण नेत असले तरी. चाक रुतलं आणि पाणी चढू लागलं तर ती बाहेर काढणं आपल्या हातात राहत नाही. पोहायला उतरू नका, घोट्यापर्यंत पाणी पुरे.

या खेपेला ताईंनी पिशवीत एक रिकामी बाटली टाकायला सांगितली आहे. आपली पांझरा मुडावदजवळ तापीला मिळते, तापी उकाईच्या धरणातून सुरतेकडे जाते आणि डुमस-हजिऱ्याच्या मधून समुद्राला. म्हणजे धुळ्याच्या पुलाखालून गेलेलं पाणी तिथे पोचतं. ते थोडं घरी आणायचं त्यांच्या मनात आहे. बाटली झाकणाची, रुंद तोंडाची घेतली आहे.

परतीची वेळ निघण्याआधीच ठरवा. आम्ही साडेतीनला किनारा सोडणार. सूर्यास्ताचा मोह मलाही होतो, पण मग घाट रात्री अकराच्या सुमारास लागतो आणि गाडी चालवणारी मी एकटीच. दुसऱ्या दिवशी गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवायची, खारा चिखल पत्र्याला धरतो. त्यासाठी नळाचा पाइपही आत्ताच काढून ठेवला.

साडेचारचा गजर लावला आहे. चालवणारीनं दहाच्या आत झोपायचं, त्यामुळे उरलेलं आवरणं ताईंकडे. त्यांचा आत्ताच मेसेज आला: दशम्या फडक्यावर आहेत, लिंबू विसरू नको.